नऊ ओळींच्या पट्टीत मावणारी अक्षरं: छोटी वर्णमाला कुठे शोधायची आणि टाक्यात कशी उतरवायची

एका वाचकाकडून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. चष्म्याच्या घरासाठी इंचाला १८ धाग्यांचा कॅनव्हास घेतला आहे. वरची नक्षी भरून झाली. खाली ९ ओळी उंच आणि ८४ घरं लांब अशी पट्टी मोकळी आहे, आणि तिच्यात टेंट स्टिचने, म्हणजे प्रत्येक घरात एक छोटा तिरका टाका घालून, रोमन लिपीत तीन शब्द लिहायचे आहेत. अक्षरं एकूण १६. नीडलपॉइंटची, म्हणजे जाळीदार कॅनव्हास टाक्यांनी भरून काढण्याच्या भरतकामाची, वर्णमाला म्हणून जे चार्ट हाती लागले त्यांतलं प्रत्येक अक्षर १२ ते २० ओळी उंच, वळणदार, पानाफुलांचं. एवढ्याशा जागेत मावणारी अक्षरं मिळतात कुठे? आणि शेवटी जाता जाता विचारलं आहे, देवनागरीत जमेल का?

मिळतात, भरपूर मिळतात. पण ‘नीडलपॉइंट’ हा शब्द घालून शोधलं की समोर येत नाहीत, कारण छोटी अक्षरं बहुतेक वेळा दुसऱ्याच कामांसाठी आखलेली असतात. आणि चार्ट सापडला की निम्मंच काम होतं. चार्टवरचं घर चौकोनी असतं, टेंट स्टिचचा टाका मात्र तिरका असतो. २० ओळींच्या अक्षरात हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. ५ ओळींच्या अक्षरात एकेका टाक्यावर सगळा भार असतो, तिथे हाच तिरकेपणा अक्षर घडवतो किंवा मोडतो. म्हणून कुठे शोधायचं हे सांगेनच, पण सापडलेलं अक्षर टाक्यात कसं उतरवायचं यावर जास्त लिहिणार आहे.

शोध सुरू करण्याआधी चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. रोमन मोठ्या लिपीतलं ‘ई’ काढून पाहा. त्याला तीन आडव्या रेघा लागतात आणि त्यांच्यामध्ये दोन मोकळ्या ओळी. म्हणजे ५ ओळी. याहून बुटकं ‘ई’ होतच नाही. ‘बी’, ‘एस’, आणि २, ३, ५, ६, ८, ९ या आकड्यांचंही तेच. रुंदीचा हिशेबही असाच: ‘एच’ला दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक मोकळं घर, म्हणजे ३. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ला तीन उभ्या रेघा हव्यात, म्हणून ५. ‘एन’ला ४ मिळाली तर बरं. ‘आय’ एका घरात उभं राहतं. तेव्हा ३ घरं रुंद आणि ५ ओळी उंच ही टेंट स्टिचने वाचता येईल अशा अक्षराची खालची मर्यादा समजा. ४ ओळींची वर्णमाला कुणी दाखवली तर तिच्यातलं ‘ई’ आणि ‘एस’ आधी तपासा, बाकीची अक्षरं नंतर बघा.

रोमन लहान लिपीचा मोह टाळा. तिच्यातल्या ‘ई’च्या पोटालाच ५ ओळी हव्यात. वर जाणाऱ्या दांड्यांना २ आणि खाली लोंबणाऱ्या शेपट्यांना २ धरल्या की तुमच्या ९ ओळी संपल्या, वरच्या नक्षीला अक्षरं टेकली. मोठ्या लिपीत ५ ओळी अक्षरांच्या, २ वर मोकळ्या, २ खाली मोकळ्या. पट्टी जणू याच मापाने आखली आहे.

आता लांबी. १६ अक्षरं, प्रत्येकी ३ घरं, म्हणजे ४८. शब्दांच्या आतल्या अक्षरांमध्ये एकेक घर मोकळं: तीन शब्द असल्यामुळे अशी १३ अंतरं. दोन शब्दांमधल्या जागा प्रत्येकी ३ घरांच्या, म्हणजे ६. बेरीज ६७. तुमच्या शब्दांत ‘एम’ किंवा ‘डब्ल्यू’ असेल तर प्रत्येकी २ वाढवा, ‘आय’ असेल तर २ वजा करा. ८४ मधून ६७ गेले, १७ उरले. ही विषम संख्या दोन्ही बाजूंना सारखी वाटता येत नाही. अशा वेळी शब्दांमधली एक जागा ४ घरांची करा, म्हणजे ओळ ६८ घरांची होईल आणि दोन्हीकडे ८-८ घरं राहतील. शब्दांमधला एका घराचा फरक डोळ्याला कळत नाही, कडेला कमीजास्त झालेली जागा लगेच कळते. ४ घरं रुंद अक्षरं घेतली तर बेरीज ८३ होते, म्हणजे ओळ कडेला जाऊन भिडते. ५ घरं रुंद आणि ७ ओळी उंच अक्षरं तर १६ मावतच नाहीत, नुसत्या अक्षरांचीच ८० घरं होतात. म्हणून तुम्हाला शोधायची आहे ती ३ बाय ५ची वर्णमाला. ती १८च्या जाळीवर जेमतेम ७ मिलिमीटर उंच येईल. हातभर अंतरावरून ती नीट वाचता येते, हे मी अनेकदा करून पाहिलं आहे.

आता कुठे शोधायची. मला सर्वांत जवळची वाटते ती जागा म्हणजे जुन्या नमुनापट्ट्या, ज्यांना सॅम्पलर म्हणतात, आणि घरातल्या कापडांवर खुणा करण्यासाठी छापलेली अक्षरं. युरोपात चादरी, टॉवेल, रुमाल यांवर घराची आद्याक्षरं आणि नगाचा क्रमांक फुलीच्या टाक्याने घालण्याची रीत होती. धुलाईत कापडं मिसळू नयेत आणि पाळीपाळीने वापरली जावीत म्हणून. ती खूण कोपऱ्यात, छोटी आणि पटकन वाचता येईल अशी लागायची, त्यामुळे ही अक्षरं साधी असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने १५९८ साली केलेला सॅम्पलर आहे, तारीख घातलेल्या ब्रिटिश सॅम्पलरांपैकी माहीत असलेला सर्वांत जुना. १५९६ साली जन्मलेल्या ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद त्यावर टाक्यांनी लिहिली आहे, आणि वर्णमालेत ‘जे’, ‘यू’ आणि ‘झेड’ नाहीत. त्या काळी ‘आय’ आणि ‘जे’, तसंच ‘व्ही’ आणि ‘यू’ ही वेगळी अक्षरं मानण्याची पद्धत अजून रुळली नव्हती. जुन्या सॅम्पलरवरून वर्णमाला उतरवून घेताना ही अक्षरं गायब दिसली तर चार्ट अपुरा आहे असं समजू नका. ती आपण घडवायची असतात.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साजू या पेढीने खिशात मावतील अशा घडीच्या पुस्तिका काढल्या, चौकटींच्या कागदावर छापलेल्या. त्यांत मोठ्या नक्षीदार आद्याक्षरांच्या आजूबाजूला, पानाच्या कडेकडेने, उरलेल्या जागेत छोट्या वर्णमाला दिलेल्या असतात. लोक मोठं अक्षर पाहून पान उलटतात आणि हवी ती गोष्ट कडेलाच राहते. अशा जुन्या, हक्कमुक्त झालेल्या पुस्तिकांची स्कॅन केलेली पानं ‘अँटिक पॅटर्न लायब्ररी’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संग्रहात विनामूल्य पाहता येतात. तिथे ‘मार्किंग’ आणि ‘अल्फाबेट’ हे दोन शब्द घालून शोधा, आणि पान मोठं करून कडा नक्की बघा.

दुसरी जागा भरतकामाच्या बाहेरची आहे आणि माझ्या मते ३ बाय ५साठी तीच उत्तम. चौकोनांतून अक्षर घडवायची सर्वांत कठोर कसरत भरतकाम करणाऱ्यांइतकीच संगणकवाल्यांनीही केली आहे. जुन्या संगणकांच्या आणि छोट्या पडद्यांच्या यंत्रांमध्ये ठिपके मोजकेच असत, म्हणून ३ बाय ५, ४ बाय ६, ५ बाय ७ ठिपक्यांच्या वर्णमाला घडवल्या गेल्या. ठिपक्यांच्या प्रिंटरवर आणि दिव्यांच्या सरकत्या फलकांवर तर ५ बाय ७ हे रूढ माप आहे. यांना ‘पिक्सेल फॉन्ट’ किंवा ‘बिटमॅप फॉन्ट’ म्हणतात. हे शब्द आणि सोबत माप घालून शोधलंत की डझनांनी सापडतील. हे नातं मी ओढूनताणून जोडत नाही. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकासाठी पडद्यावरची चिन्हं आणि अक्षरं आखणाऱ्या सुझन केअर यांनी त्याआधी मोझेक आणि नीडलपॉइंट दोन्ही केलं होतं, आणि पडद्यावरचे ठिपके हे त्याच जातीचं काम आहे असं त्या सांगत आल्या आहेत.

पिक्सेल फॉन्ट वापरताना एक काळजी घ्या. तो ज्या मापाला आखला आहे नेमक्या त्याच मापात, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद करून, चित्रकलेच्या साध्या प्रोग्रॅममध्ये टाइप करा आणि मग पडद्यावर आठपट मोठा करून पाहा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक टाका. कडांना करडे, अर्धवट ठिपके दिसले तर माप चुकलं आहे. नेहमीचा गुळगुळीत फॉन्ट लहान करून चार्ट मिळत नाही, फक्त करडा गोंधळ मिळतो. कामाची वस्तू विकायची असेल तर फॉन्टच्या परवान्यात काय लिहिलं आहे तेही वाचून घ्या.

तिसरी जागा क्रॉस स्टिचची, म्हणजे फुलीच्या टाक्याची, पुस्तकं. तिथे छोट्या वर्णमालांची रेलचेल असते, पण त्यातल्या बऱ्याच बॅकस्टिचच्या, म्हणजे सलग रेघेसारख्या दिसणाऱ्या टाक्याच्या, असतात. चार्टवर घरं भरलेली आहेत की घरांच्या कडांवरून रेघा ओढल्या आहेत, ते आधी पाहा. रेघा असतील तर तो चार्ट टेंट स्टिचला चालणार नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे, पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. टेंट स्टिचचा प्रत्येक टाका घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जातो. अक्षराची तिरकी रेघ याच दिशेने जात असेल तर एक टाका जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो आणि रेघ सलग, सुबक दिसते. रेघ उलट्या दिशेने, म्हणजे वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरत असेल तर टाके एकमेकांना जुळत नाहीत. ते शेजारी शेजारी, पायऱ्यांसारखे बसतात आणि त्यांच्या मधून पार्श्वभूमीच्या टाक्यांची सलग रेघ आरपार निघून जाते. म्हणजे अक्षराची रेघ पार्श्वभूमीनेच कापली जाते. टाका कॉन्टिनेंटल पद्धतीने घातला की बास्केटवीव्हने, याने फरक पडत नाही. समोरून दोन्ही सारखेच दिसतात.

याचा परिणाम एकेका अक्षरावर बघा. ‘के’ काढा: डावीकडे उभी रेघ, उजवीकडे वरचा हात आणि खालचा पाय. हात चिकटलेला दिसेल, पाय सुटलेला. ‘आर’चा पायही तसाच. ‘व्ही’ची उजवी बाजू टोकाला नीट मिळते, डावी तुटते. ‘झेड’ देखणा येतो, ‘एन’ विस्कटतो. ‘ओ’चे चारही कोपरे गोलाईसाठी कापले तर वरचा डावा आणि खालचा उजवा छान वळतात, उरलेले दोन उघडे पडतात. क्रॉस स्टिचमध्ये यातलं काहीच होत नाही, कारण फुली सर्व बाजूंनी सारखी असते. म्हणून क्रॉस स्टिचचा सुंदर चार्ट टेंट स्टिचमध्ये उतरवल्यावर लोक म्हणतात, माझा हात चुकला. हात चुकलेला नसतो. अक्षर दुसऱ्या टाक्यासाठी आखलेलं असतं.

उपाय आहेत. उलट्या दिशेच्या तिरक्या रेघा शक्य तितक्या कमी करा आणि त्यांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा आणा. ‘एन’ तिरक्या रेघेचा करण्याऐवजी लहान लिपीतल्या ‘एन’सारखी कमान करा: वरची ओळ सलग ३ घरं, खाली दोन उभे पाय. वाचताना कुणी अडत नाही. ‘ए’चा माथा टोकदार न ठेवता सपाट ठेवा. ‘एम’मध्ये दोन्ही दांड्या पूर्ण ठेवून मधल्या खाचेचे टाके दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत घाला, म्हणजे दांड्यांच्या आधाराने खाच टिकते. ‘व्ही’ मोठ्या मापात करायचा असेल तर प्रत्येक पायरीला दोन दोन टाके उभे घाला. दोन टाक्यांची उभी पायरी डोळा जोडून घेतो, एकेका टाक्याची नाही.

‘एस’साठी माझा ठरलेला साचा सांगते, कारण सर्वांत जास्त बिघडतो तो हाच. बऱ्याच ३ बाय ५ चार्टमध्ये त्याच्या मधल्या ओळीत एकच टाका असतो आणि कणा वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरतो, म्हणजे नेमका चुकीच्या दिशेने. तो तीन तुकड्यांत दिसतो. मी मधली ओळ पूर्ण तीन घरांची भरते, आणि फक्त वरचा डावा व खालचा उजवा कोपरा कापते. हे दोन्ही कोपरे टाक्याच्या दिशेचे असल्यामुळे नीट वळतात. शिवाय ५ हा आकडा चारही कोपरे भरून केला की ‘एस’ आणि ५ यांत गोंधळ राहत नाही. असाच विचार ‘ओ’ आणि शून्याचा करा: ‘ओ’ गोल, शून्य चौकोनी. ‘बी’ची डावी बाजू ताठ, ८चे कोपरे कापलेले. ‘यू’चा तळ सपाट, ‘व्ही’चा एका टाक्याचा. नाव आणि साल एका ओळीत येतात तेव्हा या जोड्या हमखास शेजारी येतात.

एका उशीच्या चारही बाजूंनी मी एकदा एक वाक्य फिरवलं होतं. वरच्या बाजूला वापरलेला चार्ट फिरवून तसाच उजव्या बाजूला घातला आणि तिथे अक्षरं वेगळीच दिसायला लागली. वर तुटणारा ‘एन’ आता सलग आला आणि देखणा ‘झेड’ तुटला. अक्षर काटकोनात फिरलं, पण टाक्याचा तिरकेपणा कॅनव्हासवर तोच राहिला, म्हणून अक्षराच्या दृष्टीने दिशा उलटली. खालच्या बाजूला, जिथे अक्षरं उलटी होतात, तिथे पुन्हा सगळं वरच्यासारखं. तेव्हापासून बाजूने जाणाऱ्या अक्षरांसाठी मी वहीत वेगळं पान ठेवते. बाजूच्या अक्षरांसाठी कॅनव्हास फिरवून टाक्याचा कल बदलू मात्र नका. कल बदलला की प्रकाश वेगळा पडतो आणि तेवढा भाग वेगळ्या रंगाचा वाटतो.

धाग्याबद्दल. अक्षरांसाठी गुळगुळीत धागा घ्या, सुती किंवा रेशमी. लोकरीची लव अक्षरांच्या आतल्या एकेका घराच्या पोकळ्या भरून टाकते आणि ‘ई’, ‘ए’, ‘बी’ सगळे ठोकळे दिसतात. १८च्या जाळीवर सहापदरी सुती धाग्याचे साधारण ४ पदर आणि २२ नंबरची बोथट सुई मला पुरते, पण गडद रंगावर फिका धागा असेल तर पदर वाढवावे लागतात. कॅनव्हासच्या कडेला एक ‘ई’ आणि एक ‘एस’ घालून बघा. दोन अक्षरांत सगळं कळतं.

अक्षरं आधी, पार्श्वभूमी नंतर. मी एकदा गडद निळी लोकर आधी भरून पांढऱ्या अक्षरांसाठी जागा सोडून ठेवली होती. नंतर पांढरे टाके घालताना शेजारची निळी लव प्रत्येक टाक्याबरोबर भोकात ओढली गेली, अक्षरं बारीक आणि मळकट झाली, सगळी उसवावी लागली. अक्षरं आधी घातली की ती आपली जागा धरून बसतात. फक्त मागच्या बाजूने एका अक्षरातून दुसऱ्यात धागा ओढत नेऊ नका. फिक्या पार्श्वभूमीतून तो सावलीसारखा दिसतो. रंगात छटांपेक्षा गडद-फिक्याचा फरक महत्त्वाचा आहे. लाल आणि हिरवा नुसते बघताना कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर ५ ओळींचं अक्षर त्यात बुडतं. दोन्ही धागे शेजारी ठेवून फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात वेगळे दिसले तर चालतील.

याहूनही छोटं हवं असेल, उदाहरणार्थ कामाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं आणि साल, तर ते बॅकस्टिचचे चार्ट कामी येतात. पार्श्वभूमी टेंट स्टिचने पूर्ण भरून घ्या आणि तिच्यावर एक किंवा दोन पदरी धाग्याने रेघांची अक्षरं घाला. इथे रेघ घरांच्या कडेवरून जाते, म्हणून अक्षर २ घरं रुंद आणि ४ घरं उंच असलं तरी वाचता येतं. दुसरा मार्ग पेनेलोप कॅनव्हासचा. त्यात उभे-आडवे धागे जोडीजोडीने असतात. जोडी सुईने सारखी विलग केली की इंचाला १० टाक्यांच्या कॅनव्हासवर तेवढ्याच भागात २० टाके बसतात. जुन्या कामांत चेहरे आणि अक्षरं याच बारीक टाक्याने, पेटिट पॉइंटने, भरलेली असतात आणि बाकीचं मोठ्या टाक्याने. तुमचा कॅनव्हास आधीच घेतलेला आहे, त्यामुळे हे पुढच्या वेळेसाठी.

आता देवनागरी. जमते, आणि मला तर ती रोमनपेक्षा टाक्यात जास्त खुलते असं वाटतं, कारण शिरोरेखा ही टेंट स्टिचला सर्वांत सोपी रेघ आहे आणि शब्द तिच्यामुळे आपोआप बांधला जातो. पण तिला उंची लागते. शिरोरेखेची १ ओळ, खाली अक्षराच्या पोटाला किमान ५, वर मात्रा, वेलांटी, अनुस्वाराला किमान २, खाली उकाराला २. एकूण १०. आरामात लिहायची तर १२ किंवा १३ ओळी धरा. इतके छोटे तयार चार्ट शोधत बसण्यापेक्षा ते स्वतः घडवणं लवकर होतं. माझ्या वहीतली देवनागरी अशीच पानापानाने जमली आहे. आधाराला काही हवं असेल तर जीएनयू युनिफॉन्ट नावाचा मुक्त बिटमॅप फॉन्ट आहे. तो १६ ठिपके उंच आहे आणि त्यात देवनागरी अक्षरं आहेत. ती पाहून ओळी कमी करत आणायच्या.

रुंदीला न, त, ग, प, म, स अशा अक्षरांना साधारण ५ घरं पुरतात. क मध्ये दांडी मध्यभागी आणि दोन्हीकडे वळण, म्हणून ७. ख त्याहून जास्त. मराठी वळणाचा ल आणि श काढायचा असेल, आणि तो काढायलाच हवा, तर ७ घरं लागतात. इतर भाषांच्या फॉन्टमधून उचललेला अरुंद ल आपल्या डोळ्याला लगेच परका वाटतो. प्रत्येक कान्याला २ घरं धरा, एक मोकळं आणि एक दांडीचं. एका शब्दातली अक्षरं शिरोरेखेखाली एकेका घराच्या अंतराने, आणि दोन शब्दांमध्ये शिरोरेखा ३ घरं तोडायची. जोडाक्षरांत पहिल्या अक्षराची दांडी काढून टाकली की काम होतं, पण क्ष, ज्ञ, श्र यांना स्वतंत्र साचा करावा लागतो, आणि ‘दुसऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा अर्धा ऱ् ५ ओळींत माझ्याकडून अजून समाधानकारक झालेला नाही.

म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या तीन जोड्या छोट्या मापात एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळं ठेवणारी गोष्ट शिरोरेखेतच आहे: भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर ती तुटते. म्हणून तिथे एक टाका पार्श्वभूमीच्या रंगाचा सोडा, बाकी अक्षर जवळपास सारखं राहिलं तरी वाचणारा चुकत नाही. एकार डावीकडून वरून उजवीकडे उतरतो, म्हणजे पुन्हा टाक्याच्या उलट दिशेने. दोन टाके तिरके ठेवले तर वरचा हवेत तरंगतो. मी वरच्या ओळीत दोन टाके शेजारी घालते आणि खालच्या ओळीत उजवीकडच्याखाली एक, म्हणजे छोटा आकडा होतो आणि मात्रा शिरोरेखेला धरून राहते. वेलांटीला वरच्या ओळीत तीन टाके आणि खालच्या ओळीत फक्त दोन टोकं. पहिली की दुसरी ते दांडी कोणत्या बाजूला आहे त्यावरून कळतं. अनुस्वार आणि शिरोरेखा यांच्यामध्ये एक ओळ मोकळी ठेवा. एकट्या टेंट स्टिचचा अनुस्वार तिरक्या रेघेसारखा दिसतो, म्हणून तेवढ्या एका घरात फुलीचा टाका घालते. तो गोल दिसतो.

तुमच्या पट्टीत हे बसवायचं तर आधी शब्द तपासा. उकार, ऊकार, ऋकार यांपैकी काहीच नसेल तर खालच्या २ ओळी वाचतात आणि ८ ओळींत काम होतं. नववी ओळ खाली मोकळी राहील आणि मात्रा वर नक्षीला जवळजवळ टेकतील. वरच्या नक्षीची शेवटची ओळ एकरंगी असेल तर ती उसवून पट्टी १० ओळींची करा, मग मात्रांच्या वरही एक ओळ श्वास घ्यायला मिळेल. उकार असेल तर दोन ओळी उसवाव्या लागतील. लांबीचा हिशेब अक्षर ६ घरं, म्हणजे ५ अधिक मोकळं १, असा धरला तर ८४ घरांत साधी चौदाएक अक्षरं येतात. त्यातून क, ल, श यांची वाढीव २-२, प्रत्येक कान्याची २ आणि शब्दांमधली जागा वजा करा. बहुतेक तीनऐवजी दोनच शब्द मावतील, आणि ते कोणते हे शिरोरेखेसकट कागदावर काढून पाहिल्याशिवाय ठरवू नका.